समुद्रावरचे रोडगे

विशाखापट्टणमच्या स्टेशनवर माझ्या धाकट्या भावानं पोतं खांद्यावर घेतलं आणि ते इतकं हलकं निघालं की त्याचा तोलच गेला. आत ज्वारी असेल, निदान तूरडाळ तरी असेल, अशा अंदाजानं त्यानं जोर लावला होता. सरकीचं जुनं पोतं, तोंड सुतळीनं शिवलेलं. त्यानं ते खाली ठेवलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, काय आहे यात?"

"गोवऱ्या."

त्यानं पोतं पुन्हा खांद्यावर घेतलं. बाबा काठी टेकत केव्हाच पुढं निघाले होते.

गोवऱ्या नेऊ नका म्हणून मी बोथला, आमच्या गावी, पुष्कळ वाद घातला होता. आधी हैदराबादपर्यंत बस, मग रात्रभर रेल्वे, आणि मधे कुणी पोतं उघडायला लावलं तर काय सांगायचं? बाबांचं म्हणणं एकच. आपण डोंगर-पाणी पाहायला चाललो ना, मग रोडगे नकोत का?

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादकडे, निदान आमच्या लहानपणी, धबधबा किंवा नदी नुसती पाहायला कुणी जात नसे. स्वयंपाकाला जात. गव्हाचं जाडसर पीठ, त्याच्या तेल लावलेल्या लाट्या एकात एक घालून केलेला मुठीएवढा गोळा, तो गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचा, तो रोडगा. बाहेरून काळा, आत पापुद्रे सुटलेला. राख झटकायची, फोडायचा, वर तूप, आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी नाही तर घट्ट वरण. हे घरच्या गॅसवर होत नाही, अंगणातही कुणी करत नाही. त्यासाठी पाण्याकाठी जायचं. पोचेऱ्याचा धबधबा आमच्या बोथहून जवळ. एखाद्या वर्षी हौस आली की कुंटाल्याला. मी दोन्ही धबधबे किती वेळा पाहिले असतील सांगता येणार नाही, पण आठवतं ते पाणी नव्हे, धूर. ओल्या खडकांवरून सरपटत जाणारा निळसर धूर, आणि तो डोळ्यांत गेला म्हणून रडणारी शेजाऱ्यांची लहान पोरं.

आई तर पाण्याकडे पाठ करूनच बसायची. विस्तवावरून नजर काढली की रोडगे जळतात, म्हणून. कुणी म्हटलं, अहो, एकदा वळून तर पाहा, पाणी कसं पडतंय, तर म्हणायची, "मले आयकू येऊन राह्यलं नं." तेवढं तिला पुरे होतं.

आणि एक रीत होती. पहिला रोडगा विस्तवाला, दुसरा देवाचा, आणि त्यानंतर नजरेला जो माणूस पडेल त्याला हाक मारायची. ओळखीचा असो नसो. गुराखी, जंगल खात्याचा माणूस, दुसऱ्या गावाहून आलेली वऱ्हाडाची गाडी. हाक मारल्याशिवाय घरच्यांनी घास घ्यायचा नाही. त्यामुळे पीठ नेहमी दुप्पट-तिप्पट मळलेलं असायचं आणि तरी कधीकधी आम्हा पोरांना अर्ध्यावर भागवावं लागायचं.

तर ते पोतं. त्या खेपेला आम्ही काही नुसतं फिरायला गेलो नव्हतो. आई गेल्यापासून बाबा बोथच्या घरात एकटे राहत होते. मी आदिलाबादला बँकेत. आठवड्यातून दोनदा जाऊन औषधं, भाजी, बिलं पाहून यायची. दिवाळीच्या आधी ते अंगणात घसरून पडले, आणि शेजारीण पाणी भरायला बाहेर येईपर्यंत तसेच पडून राहिले. हाड मोडलं नाही हे नशीब. त्यातच बढती मिळून माझी बदली लांब खम्ममला झाली. मुलांची शिक्षणं संपलेली, नवरा फिरतीच्या नोकरीत, म्हणजे माझी काही अडचण नव्हती. अडचण बाबांची होती. खम्ममहून बोथला आठवड्यातून दोनदा जाता येत नाही.

भाऊ विशाखापट्टणमला, बंदरातल्या एका कंपनीत. मोठा फ्लॅट, लिफ्ट, जवळ दवाखाना. बाबांनी तिकडे राहावं हे मी आणि भावानं फोनवर ठरवून टाकलं होतं. बाबांनी ठरवलं नव्हतं. ते महसुलात गिरदावर होते. गावोगाव हिंडून जमिनी, पिकं, हद्दी तपासणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. नोकरी सुटून किती काळ लोटला, पण बोलणं तेच. म्हणाले, "मौका पाह्यल्याशिवाय आपन सही देत नसतो."

म्हणून संक्रांत झाल्यावर आम्ही मौका, म्हणजे प्रत्यक्ष जागा, पाहायला गेलो. बाबांनी हो म्हटलं तर त्यांना तिथंच ठेवून मी परतणार होते, नाही म्हटलं तर बदली नाकारून खालच्या पदावर राहण्याचा अर्ज माझ्या पर्समध्ये तयार होता. हा अर्ज भावाला ठाऊक होता. बाबांना नव्हता.

भावानं शहर असं मांडलं जसं दुकानदार साड्या मांडतो. एक उलगडायची, चेहरा पाहायचा, दुसरी काढायची.

पहिल्या संध्याकाळी रामकृष्ण बीच. माझ्या मनात मुंबई-कोकणातली चित्रं, म्हणून मी म्हटलं, सूर्य बुडताना पाहू. आम्ही वाळूवर ओळीनं बसलो, समुद्राकडे तोंड करून, आणि सूर्य आमच्या पाठीमागं इमारतींच्या आड गेला. पूर्वेचा किनारा आहे, सूर्य तिथं उगवतो, बुडत नाही, हे शाळेत भूगोल शिकलेल्या माझ्या लक्षात यायला हवं होतं. भावजय तोंडावर पदर धरून हसली. ती नांदेडकडची, शांत बाई. म्हणाली, ती लग्न होऊन आली तेव्हा तिनंही हेच केलं होतं.

बाबा लाटांकडे बराच वेळ पाहत होते. मग भावाला विचारलं, "याचा हद्दीचा दगड कुठं हाय?"

"समुद्राला कसली हद्द, बाबा?"

"मंग सरकारी हाय म्हन सरळ."

दुसऱ्या दिवशी कैलासगिरी. रोपवेनं वर जातात. वर मोठी बाग, शंकर-पार्वतीच्या पांढऱ्या प्रचंड मूर्ती, आणि कठड्याशी उभं राहिलं की खाली किनाऱ्याची वळणं दिसतात, रस्ता, वाळू, फेस, पाणी, एकाला लागून एक. मला ती जागा आवडली. कुणी जाणार असेल तर उन्हं उतरल्यावर जा, दुपारी फरशी तापते. बाबांनाही आवडली असावी, कारण त्यांनी काठी कठड्याला टेकवून ठेवली. भावानं आशेनं विचारलं, कसं वाटलं? बाबा म्हणाले, "लंबून बरं दिसते."

मग डॉल्फिन नोजचा डोंगर, त्याच्यावरचं दीपगृह, पलीकडं यारड्याचा किनारा, माडांनी भरलेला. मग तोटलाकोंडा, जिथं डोंगरमाथ्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध विहाराचे पाये उरलेत. विटांच्या ओळींवरून बाबा सराईत फिरले आणि एका चौकोनाशी थांबून म्हणाले, हे कोठार असेल, हवा पाहा कशी खेळती आहे. खरंखोटं मला माहीत नाही.

कंबालकोंड्याच्या जंगलात मात्र फजिती झाली. शहराला लागूनच चांगलं दाट रान आहे, पाणी आहे, पायवाटा आहेत, पक्षी आहेत. भावानं दाराशी तिकिटं काढली. बाबा गाडीतून उतरेनात. बेज्जूरच्या रानात प्राणहिता नदीच्या काठाकाठानं ज्या माणसानं महिने काढले, रात्री तंबूबाहेर वाघाचा आवाज ऐकला, त्याला जंगलासाठी खिडकीवर उभं राहून तिकीट काढणं पचेना. "तुमी पाहून या," म्हणाले, "मी गाडी राखतो." आम्ही तिघं आत जाऊन आलो. झाडं आमच्याकडच्यापेक्षा बुटकी, पण वारा छान. परत आलो तर बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसून झोपले होते.

एर्रमट्टी दिब्बलु या जागेनं ते पहिल्यांदा हलले. भीमिलीच्या वाटेवर, समुद्राला लागून, तांबड्या मातीचे ढिगारे आहेत. पाण्यानं कोरून कोरून त्यांच्यात घळी झाल्या आहेत, आणि त्या घळींतून चालताना दोन्ही बाजूंना गेरूसारख्या भिंती. बाबा खाली बसले. माती चिमटीत घेतली, दोन बोटांत चोळली, जिभेला लावतात की काय असं मला वाटलं. आम्हाला लहानपणी ते असंच करून दाखवायचे: ही बोथची काळी, हिच्यात कापूस, ही नार्नूरची तांबूस, हिला ज्वारी बरी. आम्ही परीक्षेसारखं पाठ करायचो आणि दुसऱ्या दिवशी विसरायचो.

"यात काय येते?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. लोक फोटो काढायला येतात."

त्यांनी हात झटकला. पण उठताना माझ्याकडे पाहून म्हणाले की जागा चांगली आहे, तुझ्या आईला दाखवायला पाहिजे होती. मग स्वतःच म्हणाले, "पाह्यली नसती तिनं. पाठ करूनच बसली असती."

रात्री जेवताना त्यांनी भावजयीला सांगितलं, रविवारी रोडगे करायचे, पीठ जाडं दळून आण. तिनं विचारलं, चौघांना किती लागेल?

"चौघांचे रोडगे नसतात, सूनबाई."

भाऊ म्हणाला, गच्चीवर करू. बाबांना गच्ची मान्य नव्हती, आणि इमारतीच्या सेक्रेटरीला गोवऱ्या मान्य नव्हत्या, म्हणजे तो प्रश्न आपोआप मिटला. मग बाबांनी विचारलं, बोलवायचं कुणाकुणाला? भाऊ भाताशी चाळा करत बसला. शेजारी? ते ओरिसाचे, त्यांची तोंडओळख आहे. ऑफिसातले? ते सुटीच्या दिवशी येणार नाहीत. शेवटी म्हणाला, "बाबा, इथं तसं कुणी नाही हो. सगळे आपापले असतात."

"इतकी वर्षं राहून राह्यला, अन बोलवाले एक मानूस नाई?"

भाऊ उठून हात धुवायला गेला. तो पन्नाशीकडं आलेला, कंपनीत हाताखाली माणसं असलेला गृहस्थ; त्याला असं वर्गात उभं केल्यासारखं झालं. मी बाबांवर रागावले. म्हटलं, बोथलासुद्धा आता कोण येतं? मागच्या दोन वर्षांत तुमच्याकडे जेवायला कोण आलं सांगा. बाबांनी ताट पुढं सारलं. आई गेल्यापासून त्यांनीही रोडगे केले नव्हते. ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं.

मी खोलीत येऊन पर्स उघडली. अर्ज जागेवर होता. मनात म्हटलं, झालं, मौका नापसंत.

रविवारी सकाळी आम्ही भीमिलीच्या रस्त्यानं निघालो. डिकीत पोतं, मळलेल्या कणकेचं पातेलं, वांगी, तुपाची बरणी. ऋषिकोंड्याला नावा आणि पोहणारे आणि गर्दी. तिथं पोलीस उभा होता, आम्ही न थांबता पुढं गेलो. पुढं सुरूची झाडं लागली. झाडांपलीकडे कोळ्यांची छोटी वस्ती, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, आणि थोडं अंतर राखून शहरातली काही कुटुंबं चटया टाकून बसलेली. बाबा म्हणाले, इथं.

चूक तिथं झाली, आणि ती आमच्याशिवाय कुणी केली नसती. पोचेऱ्याला खडकावर गोवऱ्या उघड्यावर रचतात. दरीतला वारा मंद, त्यानं विस्तव सावकाश धरतो. आम्ही तशाच रचल्या, समुद्रासमोर, पहिले रोडगे मधे ठेवूनच. काडी लावली आणि सगळी रास एकदम भडकली. ठिणग्या होड्यांच्या दिशेनं उडाल्या. वस्तीतून एक बाई धावत आली, कमरेला पदर खोचलेला, आणि तिनं आम्हाला जे ऐकवलं त्यातलं निम्मं मला कळलं. होड्या फायबरच्या आहेत, जाळी नायलॉनची, तुम्हाला डोळे आहेत की नाहीत, असा एकूण आशय. भाऊ हात जोडून माफी मागत होता. मी आणि भावजयीनं वाळू टाकून विस्तव विझवला. पहिले रोडगे वरून कोळसा, आत कच्ची कणीक, आणि दाताखाली वाळू.

भाऊ म्हणाला, "बाबा, चला. हॉटेलात जेवू."

मीही सामान आवरायला लागले होते. बाबा त्या बाईशी बोलत होते. तिला त्यांची तेलुगू ऐकून हसू येत होतं. आमची तेलुगू तिकडच्या लोकांना खडबडीत वाटते, दगडावर दगड घासल्यासारखी. तिनं विचारलं, आजोबा, कुठले तुम्ही? त्यांनी सांगितलं. तिनं आदिलाबादचं नाव ऐकलं नव्हतं. जंगल आहे, कापूस आहे, थंडी फार पडते, एवढं त्यांनी सांगितलं आणि विचारलं की वाळूत खड्डा केला तर चालेल का. होड्यांपासून लांब, त्या पडक्या कट्ट्याच्या आडोशाला. ती म्हणाली, करा.

बाबा गुडघ्यावर बसले. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, अंगणात पडून उठलेला. मी पुढं झाले तर म्हणाले, "तू सरक, बाई. तुले खड्डा येत नाई." प्राणहितेच्या रेतीत त्यांनी दौऱ्यावर असताना असंच भाजलं होतं म्हणे, चूल मांडायला दगड मिळेना तेव्हा. हाताच्या कोपरापर्यंत खोल खड्डा, तळाला गोवऱ्या, त्यांचा भडका बसू द्यायचा, इंगळ झाले की रोडगे, वर पुन्हा गोवऱ्यांचा चुरा, आणि वारा वरून निघून जातो. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. दौऱ्यावरचं ते फारसं सांगतच नसत.

भावजय खड्ड्याशी बसली, लाकडाच्या काटकीनं रोडगे फिरवत. समुद्राकडे तिची पाठ होती. मी पाहिलं, आणि बाबांनीही पाहिलं. 

धूर सुरूच्या झाडांत शिरला. तोच वास. मी भावाकडे पाहिलं तर तो डोळे चोळत होता. म्हणाला, धूर गेला. लहानपणी हाच धूर डोळ्यांत गेला की आई त्याला म्हणायची, तोंड दुसरीकडं कर, डोळे तुझेच आहेत. आम्ही दोघं वांगी चिरत बसलो. कितीतरी वर्षांत आम्ही असं एका पाटीशी बसून काही केलं नव्हतं. त्यानं एक किडकं वांगं हळूच माझ्या ढिगात सरकवलं. हे तो सहा वर्षांचा असल्यापासून करतो.

रोडगे झाले. बाबांनी पहिला विस्तवाला दिला, दुसरा बाजूला ठेवला, आणि उभे राहून हाक मारली. चटईवरच्या लोकांना, वाळूत चालणाऱ्यांना, सगळ्यांना, तेलुगूत, जेवायला या म्हणून. कुणी आलं नाही. लोकांनी पाहिलं आणि माना वळवल्या. मग एक तरुण जोडपं जवळ आलं. मुलीनं पातेल्यात डोकावून विचारलं, एक केवढ्याला?

बोलावण्यासाठी वर केलेला बाबांचा हात तसाच राहिला. भाऊ खाली पाहायला लागला. मला त्या मुलीची चूक वाटत नाही. किनाऱ्यावर जो ओरडतो तो विकतच असतो. बाबा तिला म्हणाले, विकायचं नाही, माझ्या घरचं आहे, बस. ती गोंधळली, नवऱ्याकडं पाहिलं, आणि दोघं थँक्यू म्हणून निघून गेली.

बाबा उभेच होते. घरच्यांनी घास घ्यायचा नाही, ही रीत. त्यामुळे आम्हीही हात गुडघ्यावर ठेवून बसलो. मला अर्जातलं पहिलं वाक्य आठवत होतं.

तेवढ्यात भाऊ उठला. पँटची वाळू झटकली आणि चालत वस्तीकडे गेला. आम्हाला दिसत होतं, तो त्या बाईच्या दाराशी उभा आहे, हातवारे करतोय, मधेच आमच्याकडं बोट दाखवतोय. ज्या माणसाला स्वतःच्या शेजाऱ्याला हाक मारता येत नव्हती तो अनोळखी दारं वाजवत होता. तो परतला तेव्हा त्याच्यामागं ती बाई होती, तिची सासू होती, जाळं विणणारे दोन म्हातारे होते, आणि बाईच्या हातात तळलेल्या माशांचं ताट होतं. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणाली.

माशांचं ताट पाहून भावाचा चेहरा उतरला. आमच्या घरात अंडंसुद्धा आलं नव्हतं. तो बाबांच्या कानाशी वाकला, काय करू, परत देऊ का? बाबांनी हात पुढं करून एक मासा उचलला, रोडग्याच्या फोडीत ठेवला आणि सराईतासारखा काटा बाजूला काढला.

"बाबा, तुम्ही मासे खाता?"

"दौऱ्यावर कोन वांगे देते?"

"आईला माहीत होतं?"

"तिले ठाऊक होतं. तिनं इचारलं नाई, मी सांगतलं नाई." आणि चावता चावता म्हणाले, "संसार असाच असते, लेका."

भावजय हसली ती थांबेचना. जाळंवाल्या म्हाताऱ्यांना हसण्याचं कारण कळलं नव्हतं, तरी तेही हसले. त्यांच्यातल्या एकानं रोडगा पालथा करून, टिचकी मारून पाहिला आणि विचारलं, हे होडीवर किती दिवस टिकेल? बाबा म्हणाले, चार दिवस तर सहज. मग त्या दोघांचं जे सुरू झालं, वारा, वाळू, सरकार, जमिनीचा पट्टा, किनाऱ्याची हद्द नक्की कुठून धरायची, ते ऊन कलेपर्यंत संपलं नाही. बाबांना हद्दीचा दगड सापडला होता.

ते मघाचं जोडपंही परत आलं. त्यांना मी जागा करून दिली. पातेलं रिकामं झालं, शेवटचा रोडगा भाऊ आणि मी अर्धा अर्धा घेतला. वाळू होती थोडी. चालते.

परतताना गाडीत बाबा पुढं बसले होते. मी मागून विचारणार होते, काय ठरलं म्हणून, पण हिंमत होईना. कैलासगिरी मागं पडली तेव्हा त्यांनी भावाला विचारलं, "तुह्या बाल्कनीत पावसाची झड येते का?"

"येते थोडी. काऊन?" गडबडीत तो घरचं बोलला. एरवी तो का म्हणतो, काऊन म्हणत नाही.

"पोतं ठेवाले जागा लागन. गोवऱ्या भिजल्या का कामातून गेल्या."

भाऊ गाडी हळू चालवायला लागला. बाबांनी मान न वळवता मला सांगितलं, "बाई, तू जाय खम्ममले. अन तो कागद फाडून टाक, उगा पर्समंधी घेऊन फिरून राह्यली."

भावानं सांगितलं असणार. मी त्याला अजून विचारलेलं नाही.

मी एकटीच परत आले. बोथचं घर आवरलं, पाण्याची टाकी उपसली, किल्ली शेजारणीकडं दिली. खम्ममला रुजू होण्याआधी एकदा पोचेऱ्याला जाऊन आले. आता तिथं कठडे आहेत, पायऱ्या आहेत, गाड्या लावायला जागा आहे, आणि विस्तव पेटवू देत नाहीत. ते बरोबरच आहे, लोक घाण करत. मी आईच्या जागी, म्हणजे जिथं ती बसायची त्या खडकावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट बराच वेळ पाणी पाहिलं. सुंदर आहे. आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

बाबांचा फोन रविवारी येतो. सकाळी बीचचा रस्ता गाड्यांना बंद असतो, तेव्हा ते तिथं चालतात. काही लोक आता त्यांना आदिलाबाद म्हणूनच हाक मारतात. महिन्यातून एकदा कट्ट्याच्या आडोशाला रोडगे होतात. शेजारचे ओरिसावाले येतात, सेक्रेटरीही एकदा आला. पहिलं पोतं केव्हाच संपलं, आणि तिकडच्या गोवऱ्या बाबांना पसंत नाहीत, भुसा फार असतो म्हणे. म्हणून परवा बोथला गेले तेव्हा नेहमीच्या म्हातारीकडून घेतल्या. ती म्हणाली, "काऊन वं, त्या शयरात गायी हागत नाईत का?" मी म्हटलं, हागतात, पण बाबांना पटत नाही.

पोतं घेऊन खम्ममला आले. पार्सलला देण्याआधी तोंड शिवायला बसले. बाबांनी बजावलं होतं, टाके जवळजवळ घाल, मागच्या खेपेला चुरा झाला. खम्ममला माझ्या ओळखीचं अजून कुणी नाही. गावाबाहेर एक तळं आहे, आमच्या बँकेतला शिपाई सांगत होता, काठाला चिंचेची झाडं आहेत. निम्मे टाके झाल्यावर मी थांबले, हात आत घातला आणि वरच्या काही गोवऱ्या काढून बाजूला ठेवल्या.